रुद्रकांतचे तेरा शेवट

१

शांताक्कानं वही उलटी धरली, मागच्या बाजूनं उघडली, गोष्टीच्या अखेरीकडची पानं बोटानं चाचपली आणि म्हणाली, "शेवट कुठं गेला?"

खोलीत आम्ही पाच जण होतो. ब्याऐंशी वर्षांची शांताक्का खाटेवर. तिची सून भाग्या दाराशी, हातात कॉफीच्या लोट्यांचं ताट. धाकटा दीर नागोजीराव, वय अठ्ठ्याहत्तर, खिडकीखाली खुर्चीत. पुण्याच्या प्रकाशकाकडून आलेली संपादक रजनी चटईवर. आणि मी, तुंगा. म्हैसूरच्या लष्कर मोहल्ल्यात याच गल्लीच्या तोंडाशी माझं जुन्या पुस्तकांचं दुकान आहे. फाटकी पुस्तकं शिवते, बांधते, विकते.

"बघा की," शांताक्का म्हणाली. "बाई हौदाच्या काठावर येते, आणि पान उलटलं की छाती छत्तीस, बाही तेवीस!"

त्या मापांच्या वह्या होत्या. शिंपी गिऱ्हाइकाचं माप लिहितो तसल्या. पुढून मापं, आणि वही उलटी करून मागून गोष्ट. गोष्ट मराठी, अक्षर कानडी. आमच्या इथल्या मराठी घरांत हे नवल नाही. घरात मराठी बोलतो, शाळेत कानडी शिकतो, मग जे बोलतो ते त्या अक्षरात लिहितो. शांताक्काला बाळबोध, म्हणजे देवनागरी, अक्षर आजही येत नाही. तिनं चौदा मराठी भयकथा लिहिल्या, आणि छापून आलेल्यातली एक ओळ तिला वाचता येत नाही.

तिनं एकेक वही ओढून पाहिली. चौदापैकी तेरा वह्यांतल्या गोष्टींचे शेवट गायब होते.

रजनीनं पेन खाली ठेवलं. "मग अवघड आहे, आजी. सोमवारी कव्हरं छापायला जातायत. मागच्या बाजूला दुसऱ्याच माणसाचा फोटो आहे."

२

हा दुसरा माणूस कोण, ते आधी सांगते.

सत्तरच्या दशकात पुण्याहून रुद्रकांत या नावानं चौदा छोटी पुस्तकं निघाली. हाताएवढी, पातळ. मुखपृष्ठावरचा लाल रंग नेहमी रेषेबाहेर सांडलेला, त्यामुळं किंचाळणाऱ्या बाईचे ओठ हनुवटीवर आलेले. कागद असा की दोन वर्षांत चहाच्या रंगाचा व्हायचा. बेळगावहून येणाऱ्या पाहुण्यांच्या पिशवीतून ती म्हैसूरला यायची आणि घराघरांतून फिरत फिरत चिंध्या होऊन माझ्या वडिलांच्या दुकानात शिवायला यायची.

विद्वानांनी या पुस्तकांना कचरा म्हटलं. त्यांनी म्हटलेल्याला मी विचारत नाही. विद्वानांची पुस्तकंही माझ्याकडे येतात, कोरी करकरीत, एकदाही न उघडलेली. रुद्रकांतची येतात ती हळदीच्या बोटांची. पानात कुंकू सांडलेलं, मधेच एखादा केस, कडेला तेलाचा डाग. कोण वाचत होतं ते पुस्तकच सांगतं. ज्या बाईला घरात 'मला भीती वाटते' असं म्हणायची सोय नव्हती, कारण कुणाची वाटते हे सांगावं लागलं असतं, ती दुपारी भांडी आवरून रुद्रकांत उघडायची आणि तासभर मनसोक्त घाबरून घ्यायची. भूत सासऱ्यासारखं दिसायचं, नवऱ्याच्या आवाजात बोलायचं. पुस्तक मिटलं की पुन्हा भाकरी थापायला मोकळी. भीती घालणाऱ्या पुस्तकांनी किती बायकांना शहाणं ठेवलं, याची नोंद कुठल्याही इतिहासात नाही.

ही पुस्तकं आता नव्यानं निघणार होती. तोच प्रकाशक, तिसरी पिढी. प्रकाशकानं जाहीर केलं की रुद्रकांत म्हणजे त्याचेच आजोबा. हे वर्तमानपत्रात वाचून नागोजीरावांनी पत्र लिहिलं: हे खोटं आहे, या गोष्टी माझ्या वैनीच्या आहेत, ती कानडी अक्षरात लिहायची आणि मी बाळबोधीत उतरवून पोस्टात टाकायचो. प्रकाशकानं रजनीला पाठवलं. जा, पुरावा बघ.

गेल्या सोमवारी रजनीचा फोन आला की हस्तलिखितं बघायला येते. शुक्रवारी ती आली. शनिवारी सकाळी हे.

"ताई, तुम्हीच सांगा," माझ्या दुकानात बसून रजनी म्हणाली. "मी काय सांगू तिकडे? ते म्हणतील, म्हातारीनं गोष्टी ऐकल्या आणि वहीत टिपून ठेवल्या. शेवट टिपायचा कंटाळा केला. स्वतः लिहिणारा माणूस तेरा वेळा शेवटाआधी थांबतो का?"

"मापांवर तारखा आहेत."

"तारखा मापांच्या. गोष्टी मागून लिहिल्यात. कधी लिहिल्या कोण सांगणार?"

मुद्दा बरोबर होता, म्हणून मला तिचा आणखी राग आला. "काल दुपारी तू खाली शिवणखान्यात तासभर एकटी होतीस. वह्या तिथंच होत्या."

ती लाल झाली. "म्हणजे मी चोर?"

"तुझ्या मालकाच्या आजोबांचा फोटो कव्हरावर राहिला ना?"

तिनं फोन माझ्यासमोर आपटला. "बघा. काल काढलेले फोटो. मी एवढंच केलं."

मी पाहिले. चाळीस फोटो. चाळीसच्या चाळीस उलटे. मापं सरळ येतील अशी वही धरून तिनं गोष्टींची पानं टिपली होती. कानडी अक्षरं सगळी डोक्यावर उभी. तिला ते कळलंही नव्हतं.

जिला अक्षर सरळ की उलटं कळत नाही, तिला गोष्टीचा शेवट नेमका कुठून सुरू होतो ते कुठून कळणार? मी फोन परत दिला.

"कॉफी घे," म्हटलं. "आणि गाडी किती वाजता?"

"संध्याकाळी सहाला."

साडेदहा वाजले होते.

३

भाग्या गच्चीवर साडीला फॉल लावत बसली होती. घरातलं मशीन ती चालवतेच, पण तिचं हातकाम जास्त देखणं. मी बोलायच्या आधीच ती म्हणाली, "अय्यो तुंगक्का, या. मलाच विचारायला आलात, अल्वा, हो ना?"

"तुला हे पुस्तकाचं प्रकरण नको होतं."

"नकोच होतं. लपवून काय करू?" तिनं दोरा दातानं तोडला. "माझ्या भव्याचं सोसल्याच्या एका घरी लग्नाचं बोलणं चाललंय. मठाला जाणारी माणसं, कांदा पण विचारून खातात. तिथं कळलं की मुलीची आजी भुताच्या गोष्टी लिहायची, मग? पेपरात फोटो यायचा, वर कवटी, खाली आमच्या अत्ते!"

मला हसू आलं. तिलाही आलं, पण तिनं ते गिळलं.

"तू वाचल्यास त्या गोष्टी?"

"लग्न होऊन आले तेव्हा वाचली एक. न्हाणीत जायला भ्यायला लागले. अत्तेंना सांगितलं तर खूष झाल्या!" ती थांबली. "माझ्यावर कधी खूष झालेल्या म्हणजे तेव्हाच."

"कानडी अक्षर तुला येतं, मराठी कळतं, सुई-दोरा हातात."

"मग?" तिनं साडी मांडीवरनं बाजूला केली. आता ती खरी चिडली. "मी काढायचं ठरवलं असतं तर वह्याच्या वह्या न्हाणीच्या चुलीत गेल्या असत्या, पाणी तरी तापलं असतं. शेवटचीच पानं कशाला काढत बसू? भुतं काय शेवटच्या पानात राहतात? पहिल्या पानापासनं हैत ती! सुम्ने, उगाच काय तरी बोलू नका."

मी जिन्यात येऊन उभी राहिले. भाग्या खरं बोलत होती. ज्याला गोष्टी नको होत्या त्यानं गोष्टी नेल्या असत्या.

हे करणाऱ्याला गोष्टी हव्या होत्या. फक्त त्यांचे शेवट नको होते.

४

वह्या मी माझ्या टेबलावर आणल्या आणि माणसांना विचारायचं सोडून त्यांनाच विचारलं.

एका घडीच्या वहीतलं पान फाडलं की त्याचं जोडीचं पान दुसऱ्या बाजूनं सुटतं. शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. इथं एकही पान सुटलेलं नव्हतं. कुणीतरी मधला दोरा उसवला होता, हवी ती पानं बोटभर कागद ठेवून कापली होती, आणि वही परत शिवली होती. नवा दोरा जाड, मेण लावलेला, कोटाची बटणं लावतात तो. गाठ आत दाबलेली, वरून दिसू नये म्हणून.

चोर असं करत नाही. चोराला घाई असते. हा माणूस उसवलेली वही तशीच टाकून जाऊ शकला नव्हता.

शांताक्काचे हात थरथरतात, तिला सुईत दोरा ओवता येत नाही. भाग्याला मी वगळली होती. राहिले नागोजीराव. पण ते कसे? ज्यानं स्वतः पत्र लिहून हे सगळं उकरून काढलं, वैनीचं नाव यावं म्हणून म्हाताऱ्या वयात पुण्याशी भांडण घेतलं, तोच पुरावा कापेल?

मग मी चौदावी वही उघडली. न कापलेली.

त्या गोष्टीत एक मेलेली आई रोज पोराच्या उशाशी येऊन बसते, आणि पोरगं मोठं झाल्यावर एके दिवशी आपणहून उठून निघून जाते. मी फडताळातून रुद्रकांतची छापील प्रत काढली आणि शेवट ताडून पाहिला. शब्दाला शब्द तोच.

हीच तेवढी कापायची का राहिली?

मी उरलेल्या तेरा छापील प्रती काढल्या. शिवताना वाचल्या होत्या, पण असे ओळीनं शेवट कधी वाचले नव्हते. मांत्रिक. लिंबू. भस्म. किंकाळी. धूर. 'आणि तो अतृप्त आत्मा कायमचा शांत झाला.' पुढचं पुस्तक: मांत्रिक, लिंबू, भस्म. तेरा वेळा तेच. ज्या बाईनं आधीची शंभर पानं श्वास अडकवून ठेवला होता, तिनं हे लिहिलं? दुसऱ्याच्या हातानं शिवलेली बाही अशी दिसते. खांद्याशी चुण्या पडतात.

'निळीचा हौद' हातात होतं. रंगाऱ्याच्या घरातली सून निळीच्या हौदात मरते, आणि पुढं त्या हौदात रंगवलेल्या प्रत्येक कापडावर हाताचा ठसा उमटतो. छापील शेवटी मांत्रिक हौद उपसतो, ठसे नाहीसे होतात.

आणि मला माझा शाळेचा झगा आठवला.

मी आठ वर्षांची असेन. शांताक्काच्या शिवणखान्यात दुपारी तीनला मशीनं थांबायची, काज-बटणाचं हातकाम सुरू व्हायचं. आवाज नाही, म्हणून त्या वेळात नागोजीराव सगळ्यांना रुद्रकांत वाचून दाखवायचे. आम्ही मुलं कापडाच्या गठ्ठ्यांवर. 'निळीचा हौद' संपलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी शाळेचा निळा झगा घालायला नकार दिला. तीन दिवस. आईनं लाटण्यानं बडवलं तरी नाही.

का? हौद उपसला होता, ठसे गेले होते. मग आठ वर्षांची पोर निळ्या कापडाला एवढी का भ्यायली?

कारण मी ऐकलेला शेवट वेगळा होता.

आणखी एक आठवलं. नागोजीरावांना लहानपणापासून जाड भिंगांचा चष्मा. शेवटचं प्रकरण आलं की ते चष्मा काढून हातात धरायचे. आम्हाला वाटायचं, रंगात आलेत. चष्म्याशिवाय त्यांना समोरचा माणूस ओळखू येत नाही. मग पुस्तक कसं दिसत होतं?

मी दुकानाचं दार ओढून घेतलं आणि चालत सुटले.

५

शिवणखाना आता बंदच असतो. तीन मशीनं झाकलेली, एका लाकडी सांगाड्यावर अर्धवट कोट. नागोजीराव त्याच्यासमोर बसले होते.

"काका, कुणाचा कोट?"

"गिऱ्हाइकाचा."

"दहा वर्षांत तुम्ही कोट घेतला नाहीत."

मी स्टूल ओढलं. "शेवट तुम्ही बदललेत. छापताना. आणि शांताक्काला वाचून दाखवताना तिचे तिचेच शेवट पाठ म्हणून दाखवलेत. पन्नास वर्षं."

ते कोटाच्या कॉलरवरून अंगठा फिरवत राहिले.

"पहिलं पुस्तक परत आलं," म्हणाले. "पुण्याहून पत्र. गोष्ट उत्तम, पण भूत शांत झालं पाहिजे. वाचकाला झोप लागली पाहिजे. वैनी त्या वेळी... दादा गेला त्याला वर्ष झालेलं. पांढऱ्या लुगड्यात बसून काज करायची, कुणाशी बोलायची नाही. लिहायची तेवढं जिवंत दिसायची. तिला कसं सांगू, की परत आलं म्हणून? मी बसलो आणि एक मांत्रिक लिहिला."

"आणि छापलं त्यांनी."

"लगेच! मग दुसरं. मग तिसरं. तेरा मांत्रिक लिहिले मी, तुंगा. मला कुठं येतंय लिहायला? एकच मांत्रिक, कपडे बदलून." ते हसले, आणि हसणं अर्ध्यात मोडलं. "पुस्तक आलं की वैनी म्हणायची, वाच. तिला अक्षर येत नाही. मी तिचाच शेवट म्हणायचो. ती डोळे मिटून ऐकायची. म्हणायची, छापल्यावर आणखी चांगलं लागतंय, अल्वा नागोजी?"

"मग आता पत्र कशाला लिहिलंत?"

"दुसऱ्याचं नाव लागतंय म्हटल्यावर डोकं फिरलं. मला वाटलं, माझ्या शब्दावर मानतील. ती पोरगी म्हणाली, हस्तलिखित बघते, छापील बाजूला ठेवून ताडते, आजींना वाचून दाखवते. वैनीच्या समोर!" त्यांनी चष्मा पुसला. "नाव नसलं तरी चालेल तिला. पण तिच्या बायकांना मी भस्म टाकून मारलं हे कळलं तर..."

मला यांचा संताप आला होता आणि तो कुठं ठेवावा हे कळत नव्हतं. मायेनं केलेली लबाडी ही लबाडीच. बाईला काय सोसेल ते पुरुषानं ठरवायचं, वर तिच्याच भल्यासाठी. आमच्या सगळ्या घरांत हेच चालतं, आणि रुद्रकांतच्या प्रत्येक पुस्तकातली बाई याच कारणानं भूत झालेली आहे.

"काका, एक सांगू? नकलून घेणारी बाई शेवट छापल्यासारखाच नकलते. वेगळा शेवट फक्त जिनं लिहिलं तिच्याच वहीत असणार. तुम्ही कापलीत ती पानं म्हणजेच पुरावा होता. तेवढाच होता."

त्यांचा चेहरा उतरला. हे त्यांच्या डोक्यात आलंच नव्हतं.

"पानं जाळलीत?"

त्यांनी मान हलवली. मग पाकिटातून ब्लेडची पत्ती काढली, कोट सांगाड्यावरून उतरवला आणि मांडीवर घेऊन अस्तर उसवायला लागले. एकेक टाका, सावकाश. आत, पाठीच्या बाजूला, छातीला, पानं एकावर एक रचून टाचलेली होती. कुठं एक कोपरा दुमडलेला नव्हता.

"तू दे वर नेऊन," म्हणाले.

"नाही. तुम्ही."

६

शांताक्कानं सगळं ऐकून घेतलं. नागोजीराव उभेच होते. पानं तिच्या मांडीवर.

"वाच," ती म्हणाली.

"वैनी..."

"छापलेलं वाच. निळीचा हौद. जे छापलंय ते."

त्यांनी वाचलं. मांत्रिक आला, हौद उपसला, लिंबू कापलं. वाचता वाचता त्यांचा आवाज इतका बारीक झाला की रजनी पुढं सरकली. 'कायमचा शांत झाला' इथं ते थांबले.

"झालं?"

"झालं."

शांताक्का हसली नाही, रडली नाही. "लोकांना हे आवडलं?"

"चौदा पुस्तकं खपली, आजी," रजनी म्हणाली.

"तुंगा, माझं वाच."

मी पान उचललं आणि वाचलं. कुणी हौद उपसत नाही. हौदातलं कापड गावभर विकलं जातं. सणाला अख्खं गाव निळं नेसून देवळात येतं. सासू, सासरा, नवरा, पुजारी, सगळे. आणि देवापुढं हात जोडताना ज्याच्या त्याच्या लक्षात येतं की आपल्या पाठीवर, कापडाच्या आतल्या बाजूनं, कुणीतरी हात ठेवलेला आहे. कापड काढता येत नाही. बाई मेली कशी ते कुणीच बोलत नाही, पण आता सगळे तिला अंगावर घेऊन हिंडतात.

वाचून झालं. रजनीनं निळी ओढणी खांद्यावरून काढून मांडीवर ठेवली.

मग रजनी भराभर बोलायला लागली. ताई, हाच पुरावा आहे, याहून मोठा काय असणार, मी फोटो घेते, सरळ घेते, नाव लागेल, आजी, तुमचं नाव लागेल! फक्त मजकूर जुनाच ठेवू. लोकांना तो माहीत आहे. जुन्या आठवणीसाठीच तर घेतात ही पुस्तकं.

"मग नाव नको," शांताक्का म्हणाली.

"वैनी!" नागोजीराव कळवळले. "नावासाठीच तर एवढं..."

"तू गप्प. तुझं बोलणं पन्नास वर्षं झालं." ती रजनीकडे वळली. "त्या मांत्रिकाच्या खाली माझं नाव? लाज नाही का मला? त्या आजोबाचाच फोटो लावा. त्याला शोभतो."

रजनी फोन घेऊन गॅलरीत गेली. तिचा आवाज वर चढला, खाली आला, पुन्हा चढला. त्या पोरीबद्दल माझं मत त्या वीस मिनिटांत बदललं. आत आली तेव्हा तिचे कान तापलेले होते.

"सोमवारचं थांबवलंय. एक पुस्तक काढू म्हणतात, 'निळीचा हौद'. तुमच्या शेवटासकट, तुमच्या नावानं. चाललं तर बाकीची. नाही चाललं तर मला दुसरी नोकरी बघावी लागेल." ती धपकन चटईवर बसली. "नाव काय छापायचं?"

"शांताक्का. एवढंच."

दाराशी उभी भाग्या पुटपुटली, "सोसल्याचे काय म्हणतील?"

"त्यांना पण दे एक पुस्तक," शांताक्का म्हणाली. "भाग्या, पेन आण. कोरी वही आण."

"आता? कुकर लावलाय, अत्ते."

"लावलाय तर शिजू दे. हात चालत नाहीत माझे. तुझं अक्षर चांगलंय." नागोजीराव वहीकडे हात करणार तोच ती म्हणाली, "तू नाही. तू ऐकायला बस."

ते जमिनीवर बसले, अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, मांडी घालून. भाग्या वही गुडघ्यावर घेऊन खाटेच्या कडेला टेकली. कानडी अक्षरात तिनं वर श्री काढला आणि वाट बघायला लागली.

"एक मांत्रिक असतो," शांताक्का म्हणाली. "तेरा बायकांना त्यानं बांधलेलं. म्हातारा झालाय. एके दिवशी दुपारी तो जेवायला बसतो, आणि ताट कुणी वाढलं म्हणून बघतो तर त्याच तेरा जणी."

भाग्याचं पेन थांबलं. "मग?"

शांताक्का डोळे मिटून बसली होती. नागोजीरावांचे ओठ हलले. पन्नास वर्षांत पहिल्यांदा पुढचं त्यांना माहीत नव्हतं.

"वैनी, मग?"

कुकरची तिसरी शिट्टी झाली. मग चौथी. रजनीनं घड्याळाकडे पाहिलं आणि पाहिलेलं विसरली. पाचवी झाली. कुणीही उठलं नाही.